पाणी सुटलं की नेट बंद

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर अर्धवट राहिलेलं सगळं इथे लिहून देते, म्हणजे कागद लॅपटॉपशेजारी ठेवता येईल.

आपल्याकडे नळाला पाणी सुटलं की लॅपटॉप बंद करत कुणी बसत नाही. मोटर, टाकी, पिंपं, मागोमाग स्वयंपाक. तोवर लॅपटॉप दोन-तीन तास उघडा आणि नेट चालू. तुमच्या माघारी बाहेरून कुणी तो चालवू नये, म्हणून समोर कुणी नसताना त्याने आपोआप नेट सोडावं, हे जमतं. वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं नाही, कुणी फोन करून 'हे ॲप टाका' म्हणालं तर मुळीच टाकायचं नाही.

विंडोजमध्ये टास्क शेड्युलर असतो, होम आवृत्तीतही. अमुक झालं की तमुक कर, एवढंच त्याला सांगायचं. त्यातल्या 'अमुक झालं की'ला ट्रिगर म्हणतात. 'ऑन आयडल' असा एक ट्रिगर दिसेल आणि बाबा, तुमचा हात आधी तिकडेच जाईल. तो घेऊ नका. 'आयडल' म्हणजे तुम्ही उठून गेलात एवढंच नाही. प्रोसेसर आणि डिस्कही बराच वेळ शांत लागतात. मागे अपडेट किंवा अँटिव्हायरसची तपासणी चालू असेल तर शेड्युलरच्या लेखी लॅपटॉप कामातच आहे. 'कंडिशन्स'मध्ये किती मिनिटांनी आयडल समजायचं याचा रकाना आहे, पण तो आता नुसता शोभेचा. विंडोज तो आकडा वापरतच नाही. आणि मुख्य अडचण अशी, की तुम्ही परत आलात हे सांगणारा ट्रिगर त्यात नाही. नेट जाईल, पण परत आणणार कोण?

म्हणून हे काम स्क्रीन लॉकला बांधायचं. लॉक आणि अनलॉक, दोन्हींचे ट्रिगर आहेत आणि ते लगेच लागू होतात. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, लॉक स्क्रीन, तिथे खाली स्क्रीन सेव्हर. त्यात 'ब्लँक' निवडा, वेळ 10 मिनिटं, आणि 'ऑन रिझ्यूम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन'समोर टिक करा. ही टिक करायची राहून गेली तर स्क्रीन नुसती काळी होते, लॉक होत नाही, आणि पुढचं काहीच घडत नाही.

आता शेड्युलरमध्ये दोन टास्क, म्हणजे त्याला नेमून द्यायची दोन कामं, बनवायची. नेट सुरू करणारं आधी बनवा, बंद करणारं नंतर. उलटं केलंत आणि मध्येच लॉक झालं तर नेटशिवाय बसाल.

'क्रिएट बेसिक टास्क' नको, त्यात लॉकचा ट्रिगर नाही. 'क्रिएट टास्क' घ्या. पहिल्या पानावर 'चेंज युजर' दाबून सिस्टम असं इंग्रजीत लिहा आणि 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस'वर टिक करा. तेवढा अधिकार नसेल तर वायफाय चालू-बंद होत नाही. ट्रिगर्समध्ये 'ऑन वर्कस्टेशन अनलॉक' घ्या आणि त्याच टास्कला दुसरा ट्रिगर जोडा, 'ॲट लॉग ऑन'. कारण वायफाय बंद असताना लॅपटॉप बंद पडला तर पुन्हा सुरू केल्यावरही ते बंदच राहतं, आणि लॉगइन म्हणजे अनलॉक नव्हे. ॲक्शनमध्ये प्रोग्राम म्हणून नेटएसएच (netsh) लिहा, नेट चालू-बंद करणारा हा विंडोजचाच प्रोग्राम आहे. पुढच्या रकान्यात टाकायची इंग्रजी ओळ व्हॉट्सॲपवर पाठवली आहे, तिथूनच चिकटवा. तिच्या शेवटी 'इनेबल्ड' आहे. दुसऱ्या टास्कला ट्रिगर एकच, 'ऑन वर्कस्टेशन लॉक', आणि ओळीच्या शेवटी 'डिसेबल्ड', बाकी सगळं तेच. त्या ओळीत अवतरणचिन्हात वायफायचं नाव आहे. ती चिन्हं पुसू नका.

बाबा, आता 'कंडिशन्स'चं पान नीट बघा. 'स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कॉम्प्युटर इज ऑन एसी पॉवर' ही टिक तिथे आधीपासूनच असते. म्हणजे लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला, तुम्ही पिन टाकलात, तरी नेट सुरू करणारं टास्क चालणारच नाही. राउटर इन्व्हर्टरवर असल्याने आईच्या मोबाईलवर वायफाय मस्त चालू दिसेल आणि लॅपटॉपवर वायफायचं बटणच गायब! अशा वेळी दोष कंपनीचाही नसतो आणि राउटरचाही. दोन्ही टास्कमधली ती टिक काढा. त्याच पानावर खाली नेटवर्क उपलब्ध असेल तरच चालव अशी एक अट आहे, तिला हातच लावू नका. नेट आल्यावरच नेट सुरू कर, असा तो प्रकार होईल.

झाल्यावर विंडोज आणि एल ही बटणं एकत्र दाबा. लॉक होईल. अर्ध्या मिनिटाने पिन टाकून आत या आणि वायफाय जोडलं जाईपर्यंत दहा-पंधरा सेकंद थांबा. लगेच ब्राउझर उघडलात तर नेट नाही असा संदेश दिसेल, घाबरू नका. नेट आलंच नाही तर विंडोज आणि आर दाबून एनसीपीए डॉट सीपीएल (ncpa.cpl) इंग्रजीत लिहा, नेटच्या जोडण्यांची खिडकी उघडेल, तिथे वायफायच्या चित्रावर उजवी क्लिक, 'इनेबल'. हे तेवढं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

पिन नेटशिवाय चालतो, पण विसरलेला पिन बदलायला नेट लागतं, म्हणून त्याची नोंद घरात ठेवा, लॅपटॉपवर चिकटवू नका.

आई, तू व्हिडिओ बघत असलीस तर ब्राउझर स्क्रीन सेव्हर येऊ देत नाही. नुसती भजनं ऐकायला लावून स्वयंपाकघरात गेलीस तर मात्र दहा मिनिटांनी थांबतील. ती मोबाईलवर लाव. मोठी फाईल उतरत असताना उठू नका, तीही अर्ध्यात तुटेल. फोटोंचा बॅकअप आणि अपडेट आता तुम्ही बसलेले असतानाच होणार, तेव्हा आठवड्यातून एकदा स्क्रीन सेव्हर 'नन' करून लॅपटॉप तासभर चालू ठेवा, मग पुन्हा 'ब्लँक'.

याने व्हायरस अडत नाही, हेही सांगते. आत शिरलेला असेल तर तुम्ही बसल्यावर तो कामाला लागेलच. तुमच्या माघारी बाहेरून कुणी लॅपटॉप चालवू शकणार नाही, इतकाच हा बंदोबस्त आहे. संशय आला तर आधी राउटरची वायर काढा, पैशांचा मामला असेल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, मग मला.

टास्क बनवण्याआधी एनसीपीएच्या खिडकीचा फोटो पाठवा. काही लॅपटॉपवर वायफायच्या नावापुढे 2 लागलेला असतो आणि नाव एका अक्षराने चुकलं तरी टास्क गुपचूप फसतं. नाव बघून ओळ दुरुस्त करून पाठवते.

तुमची लेक