रोमन सम्राट टायबेरियसचं नाणं ओळखून देणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

सासऱ्यांनी सत्तरच्या दशकात लंडनमध्ये घेतलेलं चांदीचं रोमन नाणं त्यांच्या मागे आमच्याकडे आलं, तेव्हा सोबत ना पावती होती ना चिठ्ठी. तुम्ही ते ओळखून दिलंत, खरी किंमत सांगितलीत आणि एक पेनीही घेतली नाहीत. याचे आभार चारचौघांत मानावेत असं वाटलं, म्हणून हे जाहीर पत्र.

तुम्ही नाव सांगायची घाई केली नाहीत. आधी वजन: ३.७ ग्रॅम. मग कड. ओतीव नकली नाण्याला असते तशी जोडाची रेघ इथे नाही, उलट ठोकताना चांदी ताणून पडलेली बारीक चीर आहे, हे भिंगातून मला दाखवलंत. झिजलेल्या गालावर, कानावर आतलं तांबं डोकावतंय का, तेही पाहिलंत. वरून चांदी चढवलेली बनावट नाणी रोमन काळातही चालत. मग चेहऱ्याभोवतीची अक्षरं. शब्दांत जागा न सोडता कोरलेली ती ओळ तुम्ही माझ्याकडूनच फोडून घेतलीत: देवपद पावलेल्या ऑगस्टसचा मुलगा, टायबेरियस सीझर ऑगस्टस! नाण्याच्या मागच्या बाजूला राजदंड आणि डहाळी घेऊन बसलेली स्त्री, बहुधा त्याची आई लिव्हिया. इ. स. १४ ते ३७ या त्याच्या कारकिर्दीतला डिनॅरियस, म्हणजे रोमन चांदीचं नाणं.

हा प्रकार दुर्मिळ नाही, तरी महाग का, तेही तुम्हीच उलगडलंत. बायबलमध्ये येशूला दाखवलेलं कराचं नाणं हेच, असं परंपरेने मानतात, त्यामुळे मागणी कायम. विक्रेते मागतात ती किंमत धरू नका, लिलावात तशाच झिजेच्या नाण्याला प्रत्यक्ष मिळालेली रक्कम बघा, म्हणालात. कुणीतरी घासल्याचे ओरखडे वजा जाता तीनशे पौंडांच्या आसपास. तुम्ही स्वतः संग्राहक. पन्नासात मागितलं असतंत तरी आम्ही आनंदाने दिलं असतं.

टायबेरियसची अशीच नाणी दक्षिण भारतात, कोइमतूरच्या परिसरात, साठ्यांनी सापडली आहेत, हे ऐकून तर मी हरखलेच. पुढच्या काळातल्या सम्राट नीरोने इ. स. ६४च्या सुमारास नाण्यातली चांदी घटवली, म्हणून आपल्याकडच्या व्यापाराला जुनीच नाणी पसंत असावीत, हा तुमचा खुलासा मी घरी सगळ्यांना सांगितला.

नाणं विकणार नाही. पॉलिशही करणार नाही. तुम्ही दिलेल्या कागदी पाकिटावर वजन, राजा आणि टाकसाळीचं नाव, लुग्दुनुम, म्हणजे आजचं फ्रान्समधलं लियाँ, असं मराठीतच लिहून ठेवलं आहे.

मनापासून आभार, काका.

तुमची ऋणी,
लंडनची सूनबाई