फळमाशीचा बंदोबस्त बागेतच व्हावा

महोदय,

फळमाशी फळात अंडी घालते आणि आत अळ्या होतात; निर्यातीच्या संत्र्यांसारख्या फळांना त्यासाठी शीतप्रक्रिया देतात. भूमध्य फळमाशीसाठी अमेरिकेच्या एका मानकानुसार फळाच्या गाभ्याचे तापमान १.११ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली सलग १४ दिवस राखावे लागते. अळ्या मरतात, रसायन लागत नाही. आंब्या-पेरूला एवढी थंडी सोसत नाही, साल काळवंडते. म्हणून अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या आंब्यावर विकिरण (किरणांचा मारा) होते.

पण मार्केट यार्डातून पुणेकरांच्या घरी येणाऱ्या पेरूचे काय? आपल्या मुलांनी अळ्यांचेच फळ खायचे का? नर माश्यांना वासाने ओढून घेणाऱ्या मिथाईल युजेनॉलचे ‘रक्षक’ सापळे स्वस्त आहेत, मात्र एकट्याने लावून भागत नाही, शेजारच्या बागेतून माश्या येतच राहतात. कृषी विभागाने ते गावागावांत एकाच वेळी लावून घ्यावेत आणि गळलेली फळे खोल पुरण्याचा आग्रह धरावा.

– एक वाचक, पुणे