सूचना : खाऱ्या पाण्याची छोटी टाकी सुरू करण्यापूर्वी

कोल्हापुरातील ज्या सभासदांना घरी खाऱ्या पाण्याची छोटी टाकी ठेवावयाची आहे, त्यांनी मासे आणण्याची घाई करू नये. आरओच्या पाण्यात मत्स्यटाकीसाठीचे सागरी मीठ (स्वयंपाकाचे नव्हे) विरघळवून विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेतील घनता, म्हणजेच खारेपणाचे माप) १.०२५ च्या आसपास आणावे आणि थोडा अमोनिया घालून, त्याचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू टाकीतील खडकांवर रुजेपर्यंत, म्हणजे साधारण ४ ते ६ आठवडे, टाकी माशांविना चालवावी. अमोनिया व नायट्राइट हे माशांना विषारी असतात, म्हणून दोन्ही शून्यावर आल्यानंतरच पहिला मासा सोडावा. टाकी जितकी लहान, तितका बिघाड लवकर होतो. उन्हाळ्यात पाणी आटते, मीठ मात्र मागेच राहते, म्हणून भर आरओच्या बिनमिठाच्या पाण्याचीच घालावी. रत्नागिरीहून कॅनमधून समुद्राचे पाणी आणण्याचा उत्साह समजण्याजोगा आहे. परंतु पावसाळ्यात किनाऱ्यालगतच्या पाण्याचा खारेपणा उतरतो.