नवशिक्यांचा म्हणून विकलेल्या चुकीच्या विंडसर्फिंग बोर्डाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : जाहिरातीत दाखवलेला बोर्ड न पाठवल्याबद्दल

महोदय,

मी आणि माझी मुलगी गोव्यात दोना पावलाला विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्यावर जाणं, शिकतो. आपल्या संकेतस्थळावर ‘नवशिक्यांसाठी, डॅगरबोर्डसह’ असं लिहिलेला बोर्ड आम्ही पूर्ण पैसे आगाऊ भरून मागवला. (डॅगरबोर्ड म्हणजे बोर्ड आडवा वाहू नये म्हणून त्याच्या मधोमध खाली पाण्यात जाणारी फळी.) आला तो २४० सेंमी लांब, ६८ सेंमी रुंद, ११० लिटर घनफळाचा. डॅगरबोर्ड नाही, तो बसवायची खाचही नाही. फोनवर आपल्या प्रतिनिधीने ऐकवलं की डॅगरबोर्ड जुन्या काळातला, आता डिझाइन बदललं आहे.

डिझाइन बदललं, हे खरंच. पण कशासाठी बदललं, हे बोर्ड विकणाऱ्याला ठाऊक असायला हवं. कॅलिफोर्नियात हॉइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी १९६८ साली पेटंटसाठी अर्ज केला. त्यांचा ‘विंडसर्फर’ १२ फूट लांब, दोन फुटांहून जरासाच रुंद आणि पोटात डॅगरबोर्ड असलेला होता. पुढे हवाईच्या लाटांवर आणि जोरदार वाऱ्यात बोर्ड आखूड झाले, पायांसाठी पट्टे आले, डॅगरबोर्ड गेला. तिथे तो नसला तरी चालतं, कारण वेग असला की बोर्डाखालची मागची फिन, म्हणजे छोटं पातं, पाणी धरून ठेवते. मंद वाऱ्यात वेगच नसतो; मग छोट्या फिनचा जोर पुरत नाही आणि बोर्ड आडवा वाहत जातो. आमच्याकडे सकाळच्या झुळकीत नेमकं हेच झालं. वारा येत होता त्या दिशेला मुलीला परत येता येईना, शेवटी होडी पाठवून तिला ओढून आणावं लागलं. आपल्या चुकीच्या मालामुळे मूल खोल पाण्याकडे वाहत जातं, ही गोष्ट किरकोळ समजू नका.

ऑलिंपिकचंच बघा. २००४ला अथेन्समध्ये मिस्ट्रल बोर्ड होता : ३७२ सेंमी लांब, ६३.५ सेंमी रुंद. २००८ला बीजिंगमध्ये आरएस:एक्स आला : २८६ सेंमी लांब, ९३ सेंमी रुंद. लांबी एवढी घटली, रुंदी एवढी वाढली, तरी डॅगरबोर्ड राहिलाच, आणि टोकियोपर्यंत टिकला. २०२४ला पॅरिसमध्ये तो गेला, कारण तिथे बोर्ड फॉइलवर, म्हणजे खाली पाण्यात असलेल्या पंखावर, पाण्याबाहेर उचलला जातो.

म्हणजे लांबी कमी केली की स्थिरतेसाठी रुंदी वाढवावी लागते. आपण पाठवलेल्या बोर्डाची लांबी नव्या काळातली आणि रुंदी जवळपास १९६८ची! माझं वजन ८२ किलो. शीड, डोलकाठी, बूम (शीड धरायची दांडी) आणि खुद्द बोर्ड यांचं वजन त्यात मिळवलं, तर ११० लिटरमध्ये, म्हणजे साधारण ११० किलो तोलणाऱ्या बोर्डात, तरंगायला फारसं काही उरत नाही. उभं राहून शीड उचलायला शिकणार कसं? अनुभवी माणसाला हा बोर्ड आवडेलही. आम्ही तो मागवला नव्हता.

पंधरा दिवसांत जाहिरातीत दाखवलेला रुंद, डॅगरबोर्डचा बोर्ड पाठवावा आणि हा आपल्या खर्चाने परत न्यावा, नाहीतर वाहतूक खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी. तसंच या बोर्डाच्या वर्णनातला ‘नवशिक्यांसाठी’ हा शब्द आजच काढावा. तसं न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.

आपला,
(सही)

सोबत : पावती, जाहिरातीचं छायाचित्र, मोजमापासह बोर्डाची छायाचित्रं