संमती असली तरी वकील हवाच

रविवारच्या पुरवणीतील ‘संमतीने घटस्फोट, वकिलाशिवाय’ हा लेख वाचला. दोघांची संमती असेल तर घटस्फोटासाठी वकिलाची गरज नाही, असा त्याचा सूर आहे. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४च्या कलम १३नुसार तेथे वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही, हे खरे; मात्र न्यायालयाच्या परवानगीने वकील देता येतो, हे लेखात राहून गेले. नवरा-बायकोची संमती असते ती विभक्त होण्याला; घोळ होतो तो अटींत. स्त्रीधन केव्हा परत करायचे, घराच्या कर्जाचे उरलेले हप्ते कोणी फेडायचे, पोटगी एकरकमी की दरमहा, दिवाळीच्या सुट्टीत मुले कोणाकडे? न्यायालयात कारकुनी करताना मी पाहिले आहे, की ‘नंतर बघू’ म्हणून मोघम ठेवलेली एक ओळ दोघांनाही पुन्हा न्यायालयाची पायरी चढायला लावते. संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज केल्यावर थांबावी लागणारी हिंदू विवाह कायद्यातील सहा महिन्यांची मुदत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानुसार माफ होऊ शकते, पण त्या माफीचा अर्जही नीट मांडावा लागतो. राहिला प्रश्न फीचा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७च्या कलम १२नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

– एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा