बिल कोणत्या कंपनीच्या नावाचं येतं?

ताई, सप्रेम नमस्कार.

इंटरनेट प्लॅनसोबत मिळालेलं व्हिडिओ अ‍ॅप सारखं अडकतं, अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला तुम्ही आधी एवढंच विचारता. या प्रश्नाबद्दल मनापासून आभार! इंटरनेट कंपनी अ‍ॅपवाल्यांकडे बोट दाखवते, अ‍ॅपवाले परत कंपनीकडे पाठवतात, आणि या टोलवाटोलवीत माणूस नाद सोडतो. पैसे ज्याने घेतले त्याच्याकडेच लेखी तक्रार करायची, हे तुम्ही आमच्या मनात पक्कं केलंत.

‘अ‍ॅप तर मोफत दिलंय’ या उत्तरावरचा तुमचा तोडगा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. तोच वेग, तीच मुदत, पण अ‍ॅप नसलेला प्लॅन शोधायचा. दोन्हींच्या किमतीतला फरक हीच अ‍ॅपची किंमत. ३० दिवसांपैकी १२ दिवस अ‍ॅप बंद असेल, तर त्या फरकाचे १२/३० परत मागायचे. ब्रिटनचा २०१५चा ग्राहक हक्क कायदा तर पैसे भरून घेतलेल्या सेवेसोबत मोफत मिळालेल्या डिजिटल सामग्रीलाही लागू होतो. ती एरवी फुकट मिळत नसली म्हणजे झालं. खरेदीच्या दिवशीच प्लॅनच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, हा तुमचा आग्रहही रास्त आहे. ती पानं गुपचूप बदलतात.

तक्रारीआधी दोष नेमका कुठे आहे ते पाहायची तुमची शिस्तही आम्ही उचलली. टीव्हीला वायफायऐवजी थेट नेटची केबल लावायची. मग तेच अ‍ॅप मोबाइल डेटावर आणि दुसरं अ‍ॅप घरच्या नेटवर चालवून बघायचं. दोन्ही नेटवर तेच अ‍ॅप अडकलं तर दोष अ‍ॅपचा. रात्री सगळीच अडकली तर नेटचा, आणि मग तक्रारच वेगळी लिहावी लागते. स्पीड टेस्टच्या आकड्यावर विसंबायचं नाही, कारण टेस्टचा सर्व्हर बहुधा जवळचा असतो आणि व्हिडिओ दुसरीकडून येतो. चित्र नुसतंच धूसर असेल तर आधी प्लॅनची पायरी तपासायची: सोबत मिळणारं अ‍ॅप अनेकदा फक्त मोबाइलपुरतं किंवा कमी दर्जाचं असतं. आधीचं स्वतःचं खातं असेल तर तेही बघायला हवं. नवा प्लॅन दुसऱ्याच ईमेलला जोडला जातो आणि जुन्या खात्याचे पैसे कार्डातून कापले जातच राहतात.

नोंदीत तारीख, वेळ, उपकरण, अ‍ॅपची आवृत्ती आणि एरर कोडचा फोटो. ‘काहीतरी चुकलं’ एवढ्यावर कोणी हलत नाही, कोड दिला की तक्रार तांत्रिक विभागाकडे जाते. मागणीही मोघम नको: ठरावीक तारखेपर्यंत दुरुस्ती, नाहीतर प्रमाणात परतावा, तेही नसेल तर दंडाविना प्लॅन बंद. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

रागाच्या भरात अख्खं बिल थकवू नका, हे तुम्ही प्रत्येकाला बजावता. त्याने नेट तुटतं, विलंब शुल्क चढतं आणि खरी तक्रार बाजूला पडते. भरलेली रक्कम बँकेला सांगून परत मिळवणं (चार्जबॅक) हा शेवटचा उपाय, पण तोही बँकेची मुदत संपण्याआधी.

तुमच्याकडून शिकून आता आम्हीही इतरांच्या तक्रारी लिहून देतो. तुमचा नमुना अर्ज आम्ही आहे तसाच वापरतो आहोत.

आपले कृतज्ञ,
तक्रार लेखनातले तुमचे सहकारी