ताई, जोडा-टाइम गेलं एकदाचं! टेस्टिंगवाल्या ताईंना जाहीर थँक्यू

ताई, नमस्कार.

जोडा-टाइम, म्हणजे जावात तारीख-वेळ सांभाळणारी ती जुनी लायब्ररी, गेलं. म्हणजे आपल्या कोडमधून गेलं, शेवटचा इम्पोर्ट उडाला, बिल्ड हिरवा झाला आणि मॅनेजर साहेबांचा अभिनंदनाचा मेल पण आला. त्या मेलमधे आम्हा डेव्हलपर मंडळींची नावं ओळीने होती, तुमचं नव्हतं. शेवटी "क्यूए टीमचं सहकार्य लाभलं" (क्यूए म्हणजे टेस्टिंगवाले) एवढी एक ओळ, संपला विषय. तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही हे माहितीये, पण मला वाटलं, म्हणून हे चारचौघात लिहितोय. नाव टाकत नाही, कारण टाकलं तर फोन करून झापाल.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेमधे सुरुवातीपासून तारखेसाठी जो डेट क्लास होता तो एक नमुनाच होता, त्यात जानेवारी म्हणजे शून्य, वर्ष मोजायचं १९०० पासून, आणि तारीख छापणारा जो सिम्पलडेटफॉरमॅट होता तो दोन थ्रेडनी (एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांनी) एकत्र वापरला की वाट्टेल ते छापायचा. त्यावर उतारा म्हणून स्टीफन कोलबोर्न या माणसाने जोडा-टाइम लिहिलं आणि जगभरच्या जावावाल्यांनी ते उचललं. मग मार्च २०१४ मधे जावा ८ आलं, त्यात जावा-डॉट-टाइम हे नवीन पॅकेज आलं आणि ते घडवण्यातही पुढे कोलबोर्नच होता. जोडाच्या वेबसाइटवर तर स्वच्छ लिहिलंय की जावा ८ पासून पुढे असाल तर कृपया तिकडे जा. स्वतःच्या एवढ्या चाललेल्या लायब्ररीबद्दल असं लिहायला मोठं मन लागतं राव, एक थँक्यू त्यालाही.

पण आपला कोड काही हलला नाही. पेन्शन आणि विम्याचं सॉफ्टवेअर, लाखो ओळी, जागोजागी जोडाचा डेटटाइम (तारीख आणि वेळ एकत्र ठेवणारा टाइप), चालतंय ना मग हात कशाला लावा, असंच वर्षानुवर्षं चाललं. शेवटी आपलं सॉफ्टवेअर ज्या फ्रेमवर्कवर उभं आहे त्या स्प्रिंगच्या ६ व्या व्हर्जनवर जायचं ठरलं, त्यात जोडाचा सपोर्टच काढून टाकलेला, तेव्हा कुठे सगळे जागे झाले.

आमचा पहिला प्लॅन आठवतोय ना तुम्हाला? जोडाचा डेटटाइम दिसला की नव्या पॅकेजमधला झोन्डडेटटाइम टाकायचा, लोकलडेट (नुसती तारीख) तर दोन्हीकडे त्याच नावाचं आहे, दिवस मिळवायचं प्लस-डेज पण तसंच, ओपनरीराइटसारखं कोड आपोआप बदलणारं टूल चालवायचं, उरलेलं हाताने करायचं, की झालं. मीटिंगमधे सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग तुम्ही मागच्या खुर्चीवरून विचारलंत, "या कॉलममधे तारीख आहे की वेळ आहे?"

कोणाला उत्तर देता येईना. कारण जोडाच्या काळात आम्ही सगळंच डेटटाइममधे कोंबलेलं. जन्मतारीख डेटटाइम, हप्त्याची देय तारीख डेटटाइम, पेमेंट आलं तो क्षणही डेटटाइम, आणि ऑफिस सकाळी किती वाजता उघडतं ते सुद्धा डेटटाइम, १ जानेवारी १९७० ची तारीख चिकटवलेला. नवीन पॅकेजमधे या प्रत्येकाला वेगळा टाइप आहे, म्हणजे तुम्हाला ठरवावंच लागतं. जन्मतारखेला टाइमझोन नसतो, माणूस दुबईला राहायला गेला म्हणून त्याचा वाढदिवस सरकत नाही, ते लोकलडेट. पेमेंटचा क्षण सगळ्या जगात एकच, तो इन्स्टंट. हे सगळं पुस्तकात वाचलेलं आम्हालाही होतं हो, पण आपल्या डेटाबेसमधल्या कुठल्या कॉलमला काय लागू होतं हे आमच्यातल्या कोणालाच धड माहीत नव्हतं आणि ते शोधायची कोणाची तयारीही नव्हती, खरं तर.

ते तुम्ही शोधलंत. एक एक्सेल शीट काढलीत, कॉलमचं नाव, त्यात खरं काय असतं, आणि कोणी सांगितलं. तो तिसरा रकाना बघून मला आधी हसू आलेलं. पण टेस्टिंगमधे यायच्या आधी तुम्ही क्लेमच्या टेबलावर बसून काम केलेलं असल्यामुळे तुम्हाला कोणाला फोन लावायचा हे बरोबर माहीत होतं. "प्रभावी तारीख" नावाच्या एका कॉलमवर आमच्यात अर्धा दिवस वाद झाला आणि तुम्ही कोणातरी जुन्या साहेबांना फोन लावून दोन मिनिटांत सांगितलंत की पॉलिसी त्या दिवशी रात्री बाराला सुरू होते, पैसे कधी का भरले असेनात. झालं, लोकलडेट.

आता ते १ जूनचं प्रकरण, जे मी आजकाल प्रत्येक नवीन पोराला सांगतो.

एका पुल रिक्वेस्टमधे (कोडमधला बदल तपासायला देतात ती) जुन्या जन्मतारखा लोकलडेटमधे बदलायचं मायग्रेशन होतं. डेटाबेसमधे मिलिसेकंदांत क्षण साठवलेला, भारतातल्या मध्यरात्रीचा. तो परत तारखेत आणताना कोडमधे झोन म्हणून एशिया/कोलकाता न लिहिता सरळ +०५:३० असा ठोक ऑफसेट (जागतिक प्रमाण वेळेपासूनचं अंतर) लिहिलेला. रिव्ह्यूमधे कोणी काही बोललं नाही, कारण भारतात घड्याळ पुढेमागे करायची भानगडच नाही, मग फरक काय पडतो. टेस्ट सगळ्या पास. आणि तुम्ही टेस्ट डेटामधे टाकलात एक पेन्शनर, जन्म १ जून १९४३.

१ जूनच का, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली ती, आपल्याकडे अर्ध्या आजी-आजोबांचा वाढदिवस १ जूनला असतो. तर तुमचे ते आजोबा मायग्रेशनमधून बाहेर पडले ते ३१ मे १९४३ ला जन्मून.

आधी वाटलं तुमच्याकडून एंट्री चुकली असेल. मग १९५३ साल टाकून पाहिलं तर १ जून बरोबर येत होतं, १९४१ टाकलं तरी बरोबर, आणि १९४३ ला एक दिवस मागे. तुम्हीच म्हणालात, "हे युद्धाच्या वेळचं काहीतरी असणार, आमचे वडील सांगायचे घड्याळं तासभर पुढे केलेली." टाइमझोनचा डेटाबेस उघडून बघितला तर खरंच की! दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेच्या, साडेसहा तास पुढे होती. म्हणजे १ जून १९४३ ची मध्यरात्र यूटीसीमधे ३१ मेच्या संध्याकाळी साडेपाचला पडते, त्यात साडेपाचच तास मिळवले की ३१ मे, रात्रीचे अकरा. तारीख गेली मागे. जोडा हे बरोबर सांभाळत होतं कारण जुन्या कोडमधे झोनचं नाव होतं, जावा-डॉट-टाइमही नाव दिलं तर बरोबरच सांभाळतं. ठोक ऑफसेटला बिचाऱ्याला महायुद्ध काय माहीत.

एक दिवसाने काय बिघडतं असं कोणाला वाटत असेल तर सांगतो. केंद्राच्या पेन्शनरला ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा मिळतं आणि ते त्या महिन्याच्या १ तारखेपासून धरतात. ३१ मे आणि १ जून म्हणजे सरळ एका महिन्याचा फरक, तोही एका माणसाचा नाही, त्या तीन वर्षांत जन्मलेल्या सगळ्या १ जूनवाल्यांचा. आणि मग वसुलीची नोटीस कोणाला जाणार? ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यांना. हे तुम्ही प्रॉडक्शनला जायच्या आधी पकडलंत, आणि पकडल्यावर आवाज सुद्धा चढवला नाहीत, बगवर फक्त लिहिलंत "आजोबा एक दिवस मोठे झाले".

दुसरं म्हणजे नलचं, म्हणजे रिकाम्या किमतीचं. जोडाची एक सवय मला इतकी वर्षं वापरून पण नीट माहीत नव्हती, त्यात नल म्हणजे "आत्ता". डेटटाइमच्या इज-बिफोरला (ही वेळ त्याच्या आधीची आहे का, हे सांगणाऱ्या मेथडला) नल दिलंत तर तो गुपचूप आत्ताच्या वेळेशी तुलना करतो. कन्स्ट्रक्टरला नल ऑब्जेक्ट दिलं तरी आत्ताचीच वेळ, म्हणजे जन्मतारीख रिकामी असेल तर माणूस या क्षणी जन्मला! जावा-डॉट-टाइम असले लाड करत नाही, सरळ नलपॉइंटरची एरर फेकतं. त्यामुळे रात्रीचा बॅच टेस्टिंगच्या सर्व्हरवर धडाधड पडायला लागला आणि आमचं ठरलं की जिथे पडेल तिथे नल असेल तर आत्ताची वेळ टाकू, जुनं वागणं जसंच्या तसं. तुम्ही अडवलंत. म्हणालात, आधी मला सांगा जुनं उत्तर बरोबर होतं का. आणि एकेक जागा काढून बसलात. बऱ्याच ठिकाणी "आत्ता" हे उत्तर बरोबरच होतं, बंद झालेली पॉलिसी परत चालू केल्याची तारीख नसेल तर आजपर्यंत बंदच धरायची, ठीक. पण काही ठिकाणी निव्वळ नशिबाने चाललेलं आणि काही ठिकाणी सरळ चुकीचं होतं, फक्त कोणी तक्रार केली नव्हती. माझं स्पष्ट मत आहे की लायब्ररी बदलताना वागणूक अजिबात बदलायची नाही हा नियम चांगला, पण निदान वागणूक काय होती ते तरी माहीत पाहिजे, आणि ते आम्हाला तुमच्यामुळे कळलं.

बाकीचे बग भराभर सांगतो. तारीख छापायच्या फॉरमॅटमधला कॅपिटल वाय: जोडामधे तो साधं वर्ष द्यायचा, जावा-डॉट-टाइममधे तो आठवड्याच्या हिशोबाचं वर्ष देतो, त्यामुळे ३१ डिसेंबर २०२४ ची पावती ३१ डिसेंबर २०२५ ची म्हणून छापली जाते आणि वर्षभर बाकी सगळं व्यवस्थित चालतं. इलास्टिकसर्च हे शोधाचं सॉफ्टवेअर ७ व्या व्हर्जनमधे जोडा सोडून इकडे आलं तेव्हा त्यांनाही हीच असली अक्षरं लोकांना समजावत बसावं लागलं होतं. तुमच्या डेटामधे डिसेंबरचे शेवटचे तीन दिवस पहिल्यापासून होते, कसं सुचलं देव जाणे. मग ते बँकेकडे जाणाऱ्या फाइलचं: जोडाचा डेटटाइम स्ट्रिंगमधे नेहमी सेकंद आणि मिलिसेकंद लिहायचा, नवीन ऑफसेटडेटटाइम ते शून्य असले की गाळून टाकतो, समोरचा पार्सर ठराविक लांबीची स्ट्रिंग मागणारा, म्हणजे बरोबर सेकंदाच्या किंवा मिनिटाच्या ठोक्यावर आलेला व्यवहारच तेवढा अडकणार. असला बग प्रॉडक्शनमधे शोधायचा म्हणजे केस पिकले असते. आणि मोबाइल अॅपला डेटा ज्या स्वरूपात जातो त्या जेसनचं तर विचारू नका, ते लिहिणाऱ्या जॅक्सन लायब्ररीचं जोडावालं मॉड्यूल काढून नवीन लावलं की तेच टाइमस्टॅम्प मिलिसेकंदांऐवजी दशांश चिन्हासकट सेकंदांत जायला लागतात, मोबाइल अॅपवर सगळे व्यवहार जानेवारी १९७० मधे झालेले. ते एका सेटिंगने सुटलं, पण तुमच्या मेसेजमधला तो स्क्रीनशॉट आणि खाली "सगळे हप्ते माझ्या जन्माच्या आधी भरलेत" हे अजून आमच्या ग्रुपवर पिन केलेलं आहे.

एका गोष्टीवर आपलं जमलं नाही हे पण लिहितो, नाहीतर हे पत्र म्हणजे सत्कार समारंभ होईल. तुम्हाला सगळं एकदम बदलून एकदाच मोठं टेस्टिंग हवं होतं, आम्हाला मॉड्यूल मॉड्यूल करून. मला अजूनही वाटतं आमचं बरोबर होतं, कारण महिनोन्महिने वेगळी ब्रँच चालवली असती तर मर्ज करतानाच जीव गेला असता. कोडला नियम लावणाऱ्या आर्कयुनिट या टूलमधे जोडा वापरायचं नाही असा नियम तयारच मिळतो, तो लावून आधीचे सगळे वापर फ्रीझ केले, म्हणजे जुनं राहील पण नवीन एकही शिरणार नाही, आणि मग यादी खाली आणत गेलो. पण त्यामुळे तेच तेच रिग्रेशन (आधीचं काही मोडलं नाही ना, हे बघायचं टेस्टिंग) तुम्हाला दर रिलीजला करावं लागलं, त्याचा त्रास आमच्या वाट्याला नाही, तुमच्या आला. शनिवारी सुद्धा येऊन बसलात. त्याबद्दल नुसतं थँक्यू पुरत नाही, पुढच्या रिग्रेशनला चहा-मिसळ माझ्याकडे, आणि मॅनेजरना मी वेगळा मेल टाकलाय, त्यात तुमची शीट जोडलीये, नावासकट.

ती शीट आता रेपोमधे, म्हणजे कोड ठेवतो तिथेच, गेलीये, डॉक्सच्या फोल्डरमधे. तिसऱ्या रकान्यातली माणसांची नावं काढून तिथे पदं लिहिली, बाकी एक अक्षर बदललेलं नाही. नवीन तारखेचा कॉलम टाकायचा असेल तर आधी तिथे ओळ टाकायची, नाहीतर रिव्ह्यू पास होत नाही.

आणि हो, तुम्ही विचारणारच म्हणून आधीच सांगतो. डिपेंडन्सी ट्री (कोडला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी) काढलात तर जोडाची जार फाइल अजून दिसेल. ती आपली नाही, एडब्ल्यूएसच्या, म्हणजे अॅमेझॉनच्या क्लाउडच्या, जुन्या एसडीकेबरोबर येते, तो व्हर्जन २ वर नेला की जाईल, तिकीट काढलंय. सोमवारी उगाच बग टाकू नका!

तुमचाच,
पेन्शन मॉड्यूलवाला